गांधीहत्येची कागदपत्रे कशी वाचावीत

गांधीहत्येच्या कागदपत्रांकडे वळणाऱ्याने आधी वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ ओढावी आणि तिच्या माथ्यावर '३० जानेवारी १९४८, सायंकाळी ५ वाजून १७ मिनिटे' असे लिहावे. त्या क्षणापूर्वी लिहिलेला कागद रेघेच्या डावीकडे नोंदवावा आणि नंतरचा उजवीकडे. हे काम वरवर पोरकट वाटेल. परंतु या प्रकरणात उजवीकडची बाजू शिगोशीग भरते आणि डावीकडे मोजकेच कागद उरतात, हे दोन-तीन दिवसांतच लक्षात येते. उजवीकडच्या प्रत्येक कागदाला शेवट ठाऊक असतो. त्यातला अधिकारी, साक्षीदार, मंत्री किंवा आरोपी आपण आधी काय जाणत होतो हे सांगत असतो, तेव्हा आपण काय जाणत असायला हवे होते हेही त्याला एव्हाना कळलेले असते. या कागदांच्या वाचनातली निम्मी सावधगिरी या एका गोष्टीत आहे.

कागदांचे थर चार आहेत. पहिला पोलीस तपासाचा, त्यात फिर्याद, जबाब, पंचनामे आणि केस डायऱ्या येतात. दुसरा लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयाचा. तिथे न्यायाधीश आत्माचरण यांच्यासमोर मे १९४८ मध्ये काम सुरू झाले आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल लागला. तिसरा थर सिमल्यास बसलेल्या पूर्व पंजाब उच्च न्यायालयातील अपिलाचा. त्याचा निकाल २१ जून १९४९ रोजी झाला आणि दत्तात्रय परचुरे व शंकर किस्तय्या हे दोघे आरोपी त्यात सुटले. चौथा थर न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या चौकशी आयोगाचा. आयोगाने १०१ साक्षीदार आणि ४०७ कागदपत्रे तपासून १९६९ मध्ये अहवाल दिला. खटल्याची कागदपत्रे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असून अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर काही साहित्य घरबसल्याही पाहता येते. मुंबई प्रांताच्या गृहखात्याचा मागोवा घ्यायचा असेल, तर मुंबईच्या पुराभिलेख संचालनालयाची पायरी चढावी लागते.

बहुतेक वाचक कपूर अहवालापासून सुरुवात करतात, कारण तो सहज मिळतो आणि कादंबरीसारखा वाचत सुटतो. मी मात्र आत्माचरण यांचे निकालपत्र आधी वाचण्याचा सल्ला देईन. निकालपत्रात प्रत्येक विधानापुढे साक्षीदाराचा किंवा निशाणीचा, म्हणजे न्यायालयात दाखल झालेल्या पुराव्याचा, क्रमांक असतो, त्यामुळे कोणती गोष्ट कशाच्या आधाराने सिद्ध मानली गेली हे थेट दिसते. आयोगाकडे सोपवलेला प्रश्न मुळात वेगळा होता. गांधीजींचा खून कोणी केला हे आयोगाला ठरवायचे नव्हते. कटाची आगाऊ माहिती कोणाला होती, ती सरकारपर्यंत पोहोचली होती का आणि पोहोचल्यावर सरकारने काय केले, हे पाहायचे होते. नोव्हेंबर १९६४ मध्ये, खटल्यात जन्मठेप झालेले नथुरामचे भाऊ गोपाळ गोडसे यांच्या सुटकेनिमित्त पुण्यात झालेल्या कार्यक्रमात पत्रकार ग. वि. केतकर यांनी आपल्याला हे आधी ठाऊक होते अशा अर्थाचे उद्गार काढले, त्यातून हे सारे उद्भवले. कागद कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहिला गेला हे विसरले, की त्याच्या तोंडी भलतेच उत्तर घातले जाते.

यानंतर तारखांचा तक्ता करावा. त्यात तीन रकाने असावेत : घटना केव्हा घडली, ती कागदावर केव्हा आली आणि संबंधित अधिकाऱ्याला ती केव्हा कळली. या तीन तारखा क्वचितच एक असतात, आणि तपासात नेमकी चूक कुठे झाली हे त्यांच्यामधल्या अंतरातच सापडते. उदाहरण म्हणून २० जानेवारीच्या फसलेल्या हल्ल्यातील स्फोटानंतरचे दहा दिवस घेऊ. त्या दिवशी दिल्लीत गांधीजी राहत असलेल्या बिर्ला हाऊसच्या आवारात मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला. २४ जानेवारीपर्यंत पुऱ्या झालेल्या त्याच्या सविस्तर जबाबात साथीदारांपैकी एकाचे नाव नसले, तरी पुण्याच्या 'हिंदु राष्ट्रीय' पत्राशी असलेला त्या साथीदाराचा संबंध आला होता. पत्राचे खरे नाव 'हिंदु राष्ट्र', त्याआधीचे 'अग्रणी'. मुंबई सरकार प्रांतातील वृत्तपत्रांची जी यादी ठेवत असे, तिच्यात या पत्राचे संपादक म्हणून ना. वि. गोडसे आणि मालक म्हणून ना. द. आपटे ही नावे नोंदलेली होती. अशी यादी म्हणजे रुक्ष कारकुनी काम, कोणी मुद्दाम उघडून पाहणार नाही असा कागद. पण वहीतल्या रेघेच्या तो डावीकडे येतो, आणि डावीकडचा असा एक कागद उजवीकडच्या दहा आठवणींना भारी असतो.

पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे उपमहानिरीक्षक यू. एच. राणा त्या दिवसांत दिल्लीतच होते. गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख संजीवी यांनी २५ जानेवारीला त्यांना मदनलालचा जबाब दाखवला. तो घेऊन राणा रेल्वेने, तेही अलाहाबादमार्गे, निघाले आणि २७ तारखेला मुंबईस पोहोचले. आता तक्त्याच्या त्याच २७ तारखेच्या ओळीत दुसरी नोंद करावी : गोडसे आणि आपटे त्या दिवशी विमानाने मुंबईहून दिल्लीला गेले. दोन्ही नोंदी शेजारीशेजारी आल्या, की आत्माचरण यांनी २० ते ३० जानेवारी या काळातील पोलिसांच्या ढिलाईकडे केंद्र सरकारचे लक्ष का वेधले, ते कोणी समजावून सांगावे लागत नाही. मात्र इथेच थांबून स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. राणांचा लांबचा प्रवास आपल्याला अक्षम्य वाटतो, तो २५ तारखेच्या कागदांमुळे की ३० तारखेमुळे? मला स्वतःला तो २५ तारखेच्या कागदांवरूनही अक्षम्यच वाटतो. पण हा निर्णय प्रत्येक वाचकाने जबाब वाचून करावा, माझ्यावर विसंबू नये.

दोन खात्यांच्या हकिगती एकमेकींना छेद देतात तेव्हा काय करावे, याचा धडाही याच दिवसांत मिळतो. स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी दिल्ली पोलिसांचे दोन अधिकारी विमानाने मुंबईस आले. मुंबईच्या विशेष शाखेचे उपायुक्त जमशेद नगरवाला यांना आपण पुण्याच्या संपादकाचा उल्लेख असलेले टिपण दाखवले, असे दिल्लीकरांचे म्हणणे. असे काही आपल्याला दाखवलेच नाही, असे नगरवालांचे. अशा वेळी कोणाची बाजू खरी हे ठरवण्याची घाई करू नये. टिपण हाती असले, तरी ते कोणत्या तारखेला लिहिले, मूळ मजकूर आणि समासातील भर एकाच वेळची आहे का आणि त्या आठवड्यातील दुसऱ्या एखाद्या कागदात त्याचा उल्लेख येतो का, हे तीन प्रश्न आधी सोडवावेत. टिपणाचे अस्तित्व आणि ते विशिष्ट दिवशी विशिष्ट माणसाच्या हाती पडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नगरवाला हे या प्रकरणातले सर्वांत अवघड पात्र आहे. २१ जानेवारीस रुईया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी मदनलालविषयीची माहिती मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना सांगितली; मोरारजींनी त्याच संध्याकाळी ती नगरवालांच्या कानावर घातली. ३० तारखेपूर्वी नगरवाला गांधीजींना पळवून नेण्याच्या कटाचा मागोवा घेत होते, आणि खुनानंतर संपूर्ण तपासाची सूत्रे त्यांच्याच हाती आली. म्हणजे उजवीकडच्या असंख्य कागदांवर ज्याची छाप आहे, तोच माणूस डावीकडच्या काळासाठी उत्तरदायी होता. त्यावरून त्यांचे लेखन खोटे ठरत नाही, पण तपास अधिकारी नगरवाला आणि जबाब देणारे नगरवाला असे दोन वेगळे साक्षीदार धरून त्यांचे कागद वाचावेत.

पुराव्याच्या कायद्याची थोडी ओळख नसेल, तर या कागदांवरून हमखास चुकीचे निष्कर्ष निघतात. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे आरोपीविरुद्ध वापरता येत नसे. त्यामुळे तपासाच्या फायलीत ठळकपणे दिसणारी गोष्ट निकालपत्रात अजिबात आली नाही, तर ती दडपली गेली असे लगेच समजू नये. माफीच्या साक्षीदाराचेही तसेच. दिगंबर बडगे हा सरकार पक्षाचा ५७ वा साक्षीदार होता, आणि कटाची बरीचशी हकिगत त्याच्याच तोंडून आली. दादरच्या सावरकर सदनात 'यशस्वी होऊन या' हे शब्द आपण ऐकले, असे त्याने सांगितले. स्वतंत्र दुजोऱ्यावाचून केवळ त्याच्या शब्दावर सावरकरांना दोषी धरणे न्यायाधीशांना सुरक्षित वाटले नाही आणि सावरकर निर्दोष सुटले. पुढे कपूर अहवालाच्या २५.१०६ या परिच्छेदात, सावरकर आणि त्यांच्या गटाने रचलेल्या खुनाच्या कटाखेरीज दुसरा तर्क टिकत नाही, अशा आशयाचे वाक्य आले. सावरकरांचे अंगरक्षक आणि सचिव यांनी मार्च १९४८ मध्ये मुंबई पोलिसांना दिलेल्या जबाबांचीही आयोगाने दखल घेतली. हे दोघे खटल्यात साक्षीला आले नव्हते. हे सारे एकत्र मांडताना न्यायालयाचा निकाल, आयोगाचे मत आणि न्यायालयात न तपासलेला जबाब यांचे वजन वेगवेगळे आहे, हे लिहिणाऱ्याने प्रत्येक वेळी स्पष्ट करावे. शिवाय ते वाक्य मुंबईतील तपासाच्या दिशेविषयीच्या चर्चेत आले आहे, तेव्हा मागची-पुढची दहा पाने वाचल्याशिवाय ते उद्धृत करू नये.

अर्धे उद्धृत करण्याची खोड एकाच बाजूला आहे असे नाही. वल्लभभाई पटेलांनी २७ फेब्रुवारी १९४८ रोजी नेहरूंना लिहिलेले पत्र याचा नमुना आहे. तपासावर आपले जवळजवळ रोज लक्ष आहे असे सांगून त्यांनी त्यात दोन गोष्टी लिहिल्या : राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा या कटात संबंध नव्हता, आणि सावरकरांच्या थेट नेतृत्वाखालील हिंदुमहासभेच्या एका माथेफिरू गटाने कट रचून तडीस नेला. आजही एक बाजू पहिले वाक्य दाखवते आणि दुसरी बाजू दुसरे. पत्र पूर्ण वाचावे आणि ते खटला उभा राहण्याच्या तीन महिने आधीचे आहे, हेही तक्त्यात नोंदवावे.

भाषेच्या बाबतीत मराठी वाचकाकडे एक हत्यार आहे, ते त्याने वापरावे. फिर्याद तुघलक रोड पोलीस ठाण्यात नंदलाल मेहता यांच्या सांगण्यावरून उर्दूत लिहिली गेली. तिच्यात कोसळताना गांधीजींच्या तोंडी 'राम राम' हे शब्द आहेत, तर लोकांच्या स्मरणात 'हे राम' राहिले आहे. जबाब मराठीत दिलेला, नोंदलेला इंग्रजीत आणि नावे ज्याला जशी ऐकू आली तशी, असा प्रकार पानोपानी दिसतो, म्हणून 'हिंदु राष्ट्रीय' यासारख्या खुणा वाचताना मूळ उच्चार मनातल्या मनात करून पाहावा. २७ जानेवारीच्या विमान प्रवासासाठी दिलेली नावे होती 'एन. विनायकराव' आणि 'डी. नारायणराव'. आपले आणि वडिलांचे नाव लावण्याची मराठी पद्धत ज्याला माहीत आहे, त्याला नथुराम विनायक आणि नारायण दत्तात्रय ही जोडी क्षणात ओळखू येते. दिल्लीतल्या कारकुनाला ती दिसण्याचे काही कारण नव्हते. मरीना हॉटेलच्या ४० क्रमांकाच्या खोलीत देशपांडे या नावाने उतरलेल्या पाहुण्यांनी मागे टाकलेल्या कपड्यांवर 'एन. व्ही. जी.' ही धोब्याची खूण होती, आणि ती २० जानेवारीनंतर लगेचच पोलिसांच्या हाती आली होती. शब्दांच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी. मराठी लेखनात 'हत्या', 'खून' आणि 'वध' यांपैकी कोणता शब्द आला आहे ते पाहिले, की लेखक कोणत्या बाजूने बोलतो हे बहुधा पहिल्याच ओळीत कळते. म्हणून मजकूर टाकून देऊ नये, फक्त तो शब्द वहीत नोंदवून ठेवावा.

अधूनमधून नवे दावे येतात. नोंदलेल्या तीन गोळ्यांखेरीज चौथी गोळी झाडली गेली होती, असा दावा करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने मदतीसाठी नेमलेल्या वकिलांना, म्हणजे न्यायमित्रांना, नव्या तपासासाठी आधार आढळला नाही आणि मार्च २०१८ मध्ये याचिका फेटाळली गेली. अशा दाव्याचा पडताळा घेताना वृत्तपत्रातील दुसऱ्या दिवशीच्या बातमीपासून सुरुवात करू नये. फिर्याद, वैद्यकीय साक्ष, जप्त मुद्देमालाचा पंचनामा आणि शस्त्रतज्ज्ञाची साक्ष या क्रमाने जावे.

टिपणे काढताना प्रत्येक नोंदीखाली साक्षीदाराचा क्रमांक आणि तो खटल्यातला की आयोगापुढचा हे लिहावे, कारण एकाच माणसाचे दोन ठिकाणचे क्रमांक वेगळे आहेत आणि दोन साक्षींमध्ये वीस वर्षांचे अंतर आहे. कपूर अहवालाचा हवाला देताना पानाऐवजी परिच्छेदाचा क्रमांक द्यावा. छापील प्रत आणि संकेतस्थळावरील प्रत यांची पाने जुळत नाहीत, परिच्छेद मात्र जुळतात.