शिवणकाम करताना मान-पाठ धरते? आधी मशीन, मग व्यायाम

लगीनसराई आली की ब्लाउज शिवणाऱ्या बायकांच्या घरात बाम आणि शेकायची पिशवी बाहेर निघतेच. आणि व्यायाम कर म्हटलं की ठरलेलं उत्तर, दिवसभर राबतेच आहे ना, अजून वेगळा कशाला? पण मशीनवर बसणं म्हणजे हालचाल नाही हो, मान खाली आणि खांदे वर असे तासन्‌तास धरून ठेवणं आहे ते, आणि असा आखडून धरलेला स्नायू रक्त नीट न मिळाल्याने ठणकायला लागतो. रामाझिनी नावाच्या इटालियन डॉक्टरने १७०० सालीच लिहून ठेवलंय की शिंप्यांसारखी बैठी कामं करणाऱ्यांनी निदान सुट्टीच्या दिवशी तरी व्यायाम करावा. तीनशे वर्षं होऊन गेली, आपण अजून बामवरच.

आधी बसायची जागा नीट करा. स्टूल काढा, पाठ टेकता येईल अशी खुर्ची घ्या. उंची अशी हवी की कापडावर हात ठेवला की कोपर टेबलाच्या लेव्हलला येईल आणि खांदे वर चढणार नाहीत, खुर्ची बुटकी असेल तर चादरीची घट्ट घडी घाला, आणि त्याने पाय लोंबकळायला लागले तर मोटरचं पायडल पाटावर घ्या (पाट सरकत नाही ना ते बघून). पूर्ण पाऊल टेकेल एवढं पायडल जवळ ओढा.

आता मान. ती वाकते कारण सुई दिसत नाही! काळ्या कापडावर काळा दोरा, त्यात मशीनचा तो मिणमिणता बल्ब. सुईवर उजेड पडेल असा एलईडी लावा आणि चाळिशी ओलांडली असेल तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या. टेबलावर ठेवायची छोटी मशीन असेल तर मागच्या पायांखाली रबराचे बारके तुकडे ठेवून ती किंचित आपल्याकडे झुकवा, हलत नसेल तरच.

कटिंग जमिनीवर नको. जागा नसते हे मान्य, पण डायनिंग टेबल किंवा दुपारी रिकामा असलेला ओटा चालतो. कात्रीला वेळेवर धार लावा, बोथट कात्रीने अस्तर आणि कापड एकदम कापत बसलं की अंगठ्याचं मूळ दुखणारच. हूक-काज करताना मांडीवर दोन उशा घ्या म्हणजे काम वर येतं.

ब्रेकसाठी मोबाईलचा अलार्म लावला तर आपण तो बंद करून परत शिवत बसतो. त्यापेक्षा बॉबिन संपली की उठायचंच असं ठरवा, आणि ती लवकर संपत नसेल तर अर्ध्या तासाने. कंबरेवर हात ठेवून हलकं मागे झुका, खांदे मागे फिरवा, दारापर्यंत जाऊन या. एक-दोन मिनिटं पुरतात.

आणि आता खरा व्यायाम. आठवड्यातून दोन-तीन दिवस भिंतीवर पुश-अप, हात न टेकवता खुर्चीतून उठबस, आणि एक हात टेबलावर टेकवून वाकून दुसऱ्या हाताने पाण्याची लिटरची बाटली कोपर मागे नेत वर खेचणं. प्रत्येकी १०-१२ वेळा, दोन राउंड, सुरुवातीला निम्मंच करा. माझ्या मते नुसत्या स्ट्रेचिंगपेक्षा हे जास्त कामाचं, कारण ताकद वाढली की तेच काम स्नायूला हलकं जातं. शिवाय भरभर चालणं, डब्ल्यूएचओ आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते म्हणजे अर्धा तास, पाच दिवस. दुसऱ्या दिवशी थोडं अंग दुखलं तर चालतं, पण दुखणं वाढतच गेलं तर व्यायाम कमी करा, एकदम सोडू नका.

रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन झोपमोड होत असेल, हातातून वस्तू निसटत असतील, तर गोळ्या खाऊन सीझन काढू नका, डॉक्टरला दाखवा. पायातली ताकद जातेय, लघवीवर कंट्रोल राहत नाही किंवा बसायच्या जागी बधिर वाटतंय, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. फिजिओथेरपिस्टकडे जाणार असाल तर आधी घरातल्या कुणालातरी तुम्ही मशीनवर बसलेला, बाजूने, न सांगता एक फोटो काढायला लावा आणि तो सोबत न्या, कारण फोटो काढतायत कळलं की सगळेच ताठ बसतात.