न्यू साउथ वेल्स, 1838 : एका वर्षाचा इतिहास कसा अभ्यासावा

ब्रिटिशांनी वसवलेल्या वसाहतींचा इतिहास शतकांच्या हिशेबाने वाचला की जमिनी कोणी घेतल्या आणि कोणाच्या गेल्या, हे धूसर होत जाते. म्हणून एकच वर्ष निवडून ते बारकाईने वाचावे. सुरुवातीला 1838 सालची ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स ही वसाहत घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवतो, कारण वसाहतीचा उत्सव, हिंसा आणि न्यायालय ही तिन्ही त्या एका वर्षात समोरासमोर येतात.

वाचनाआधी नकाशा नीट समजून घ्यावा. त्या वर्षी आजचे मेलबर्न ज्या भागात आहे तो पोर्ट फिलिप प्रदेश आणि ब्रिस्बेनजवळचा मोरेटन बे हे दोन्ही न्यू साउथ वेल्समध्येच मोडत होते. सरकारने वस्तीसाठी आखून दिलेल्या 19 परगण्यांची सीमारेषा नकाशावर ठळक काढावी. या रेषेपलीकडे 1836 पासून वर्षाला 10 पौंडांचा परवाना काढून गुरेमेंढ्या चारता येत असत. ज्यांच्या भूमीवर हे कळप पसरत गेले त्या मूळ रहिवाशांना मात्र कोणी विचारले नव्हते. वर्षभरातील बहुतेक रक्तपात याच रेषेपलीकडे झाला.

त्यानंतर सनावळी तयार करावी. तिच्यात घटना घडल्याची, ती सिडनीत कळल्याची आणि लंडनला पोहोचल्याची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत लिहावी, कारण जहाजाने लंडन गाठायला साधारण चार महिने लागत. या रकान्यांचा उपयोग लगेच कळतो. 26 जानेवारीला सिडनीत वसाहतीच्या पन्नाशीची सार्वजनिक सुट्टी आणि नौकांच्या शर्यती चालू असताना, त्याच दिवशी उत्तरेकडे वॉटरलू क्रीक येथे मेजर जेम्स नन यांच्या घोडेस्वार पोलिसांनी मूळ रहिवाशांवर गोळीबार केला. ही तुकडी हंगामी गव्हर्नर केनेथ स्नॉडग्रास यांनी पाठवली होती. नवे गव्हर्नर जॉर्ज गिप्स फेब्रुवारीत आले आणि चौकशीचे ओझे त्यांच्यावर पडले. तारखा नीट न लावल्यास हुकूम एकाचा आणि दोष दुसऱ्याचा, असा घोटाळा होतो. वॉटरलू क्रीकच्या मृतांच्या संख्येवर इतिहासकारांत तीव्र मतभेद आहेत, त्यामुळे प्रत्येक आकड्यापुढे तो सांगणाऱ्याचे नाव लिहिण्याची शिस्त पाळावी.

वर्तमानपत्रांसाठी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘ट्रोव्ह’ हे संकेतस्थळ विनामूल्य खुले आहे. तेथील मजकूर यंत्राने वाचलेला असल्यामुळे अक्षरांच्या चुका राहतात. एकाच शब्दाने शोध थांबवू नये. स्थळाचे नाव सापडले नाही तर जमीनधारकाचे किंवा न्यायाधीशाचे नाव टाकून पाहावे. शोधाची मुदतही सैल ठेवावी. मायल क्रीकचे हत्याकांड 10 जूनला झाले, पण सविस्तर मजकूर मिळतो तो नोव्हेंबर-डिसेंबरच्या अंकांत, खटल्याच्या वार्तांकनात.

हा खटला सावकाश वाचावा. माझ्या मते या वर्षाचा गाभा इथेच आहे. हेन्री डँगर यांच्या मायल क्रीक येथील गुरांच्या ठाण्यावर मूळ रहिवाशांपैकी वायरारे लोकांचा एक गट राहत होता. बारा घोडेस्वारांनी त्यांतील किमान 28 जणांना दोरीने बांधून नेऊन ठार केले. मृतांत बहुसंख्य स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. नंतर परत येऊन त्यांनी प्रेते जाळली. व्यवस्थापक विल्यम हॉब्ज यांनी ही गोष्ट दडपली नाही, आणि झोपडीचा राखणदार जॉर्ज अँडरसन, जो स्वतः शिक्षा भोगणारा कैदी होता, त्याने न्यायालयात साक्ष दिली. पहिल्या खटल्यात ‘डॅडी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या वृद्धाच्या खुनाचा आरोप होता. जळालेले अवशेष त्याचेच, हे निर्विवाद सिद्ध होईना आणि ज्युरीने अर्ध्या तासाच्या आत, बारांपैकी खटल्याला उभ्या केलेल्या अकराही जणांना निर्दोष ठरवले. ॲटर्नी जनरल जॉन प्लंकेट यांनी माघार न घेता त्यांतील सात जणांवर एका मुलाच्या खुनाचा नवा खटला भरला. ते दोषी ठरले आणि 18 डिसेंबरला त्यांना फाशी झाली. ‘सिडनी हेरल्ड’ने या खटल्यांना कडाडून विरोध केला, तर ‘सिडनी मॉनिटर’ने वेगळी बाजू घेतली. दोन्हींचे एकाच तारखेचे अंक शेजारी ठेवून वाचावेत.

साक्षींच्या यादीत कोण नाही, हेही टिपावे. ठाण्यावरचा डेव्ही हा मूळ रहिवासी तरुण महत्त्वाचा साक्षीदार होता. परंतु ख्रिस्ती शपथ घेऊ न शकणाऱ्याची साक्ष कायदा ग्राह्य धरत नसल्याने त्याचे म्हणणे न्यायालयाने ऐकलेच नाही. म्हणून अभिलेखांतील मौनासाठीही वहीत स्वतंत्र पान ठेवावे.

गव्हर्नर आणि लंडन यांच्यातील खलिते ‘हिस्टॉरिकल रेकॉर्ड्स ऑफ ऑस्ट्रेलिया’च्या पहिल्या मालिकेत छापलेले आहेत. ते वर्तमानपत्रांनंतर वाचावेत, म्हणजे गिप्स काय सांगतात आणि काय टाळतात हे ओळखता येते.

वही 31 डिसेंबरला बंद करू नये. उरलेल्या चार आरोपींची सुटका फेब्रुवारी 1839 मध्ये झाली, नन यांच्या कारवाईची चौकशीही त्याच वर्षी झाली, आणि बारावा घोडेस्वार जॉन फ्लेमिंग, टोळीतील एकमेव स्वतंत्र वसाहतवासी, न्यायालयासमोर कधीच उभा राहिला नाही. या तीन नोंदींसाठी 1839 ची पाने आधीच जोडून ठेवावीत.