मराठी संकेतस्थळ चार भाषांत नेताना : वरुडच्या संत्रापट्ट्यातून नवोदितांसाठी

वरुड आणि मोर्शी तालुक्यांत संगणकाचे शिक्षण घेतलेली मुले-मुली आता गावात राहूनच संकेतस्थळांची कामे करू लागली आहेत. "आमची साइट मराठीत आहे, ती हिंदी, इंग्रजी, बंगाली आणि तेलुगूतही करून द्या," ही मागणी त्यांच्याकडे वारंवार येते. मीही हेच काम करते. माझे बहुतेक ग्राहक शेतकरी उत्पादक कंपन्या, रोपवाटिका आणि संत्र्याचे व्यापारी आहेत. नागपुरी संत्र्याचा मोठा खरेदीदार बांगलादेश असल्यामुळे बंगाली हवी असते, सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातील पांढुर्णा-मुलताईमुळे हिंदी हवी असते आणि दक्षिणेकडच्या व्यापाऱ्यांमुळे तेलुगू. वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीत प्लगइन (वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) वापरून अख्खी साइट एकगठ्ठा भाषांतरित करणे आज खरोखर शक्य आहे. गुगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ मध्ये आली आणि २०१७ मध्ये तिला न्यूरल (अख्खे वाक्य एकत्र पाहून भाषांतर करणारी) पद्धत लागू झाल्यानंतर भाषांतराचा दर्जा पुष्कळ सुधारला. तरीही ग्राहक ज्याचे पैसे देतो ते काम बटण दाबण्याच्या आधीचे आणि नंतरचे असते, आणि नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांनी तेच नीट शिकून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

प्लगइन निवडताना बहुतेकांचे लक्ष किमतीकडे आणि भाषांच्या संख्येकडे जाते. मी आधी एवढेच पाहते की, भाषांतरित मजकूर शेवटी कोणाच्या ताब्यात राहणार आहे. पॉलीलँग या प्लगइनमध्ये प्रत्येक भाषेचे स्वतंत्र पान तयार होते आणि ते तुमच्याच डेटाबेसमध्ये (साइटच्या माहितीसाठ्यात) नेहमीच्या पानासारखे राहते. मात्र त्याच्या मोफत आवृत्तीत यांत्रिक भाषांतराची सोय नाही. ट्रान्सलेटप्रेस एकेक वाक्य किंवा तुकडा स्वतःच्या वेगळ्या तक्त्यांत साठवते. ते तक्तेही तुमच्याच डेटाबेसमध्ये असतात, पण मोफत आवृत्तीत मूळ भाषेखेरीज एकच भाषा जोडता येते. डब्ल्यूपीएमएल पूर्णपणे सशुल्क आहे, परंतु मोठ्या साइटसाठी एकगठ्ठा भाषांतर, संज्ञासूची (कोणत्या शब्दाला कोणता प्रतिशब्द वापरायचा याची यादी) आणि तपासणी या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र मिळतात. वेग्लॉटची मांडणी वेगळी आहे : भाषांतर त्यांच्या सर्व्हरवर राहते, त्यामुळे जोडणी फार लवकर होते, पण वर्गणी थांबली की इतर भाषांची पाने दिसेनाशी होतात. शेतकरी कंपनीत संचालक मंडळ बदलते, हंगाम वाईट गेला तर वर्गणी भरण्याचे राहून जाते. अशा ग्राहकाला मजकूर स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहील अशीच रचना द्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतरचा टप्पा मूळ मराठी मजकुराचा आहे, आणि सर्वाधिक वेळ तोच घेतो. तालुक्याच्या ठिकाणी छपाईवाल्याकडून मिळणारा मजकूर बरेचदा कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या टंकांत (फॉन्टमध्ये) टंकलेला असतो. पडद्यावर तो मराठी दिसतो, पण संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात; असा मजकूर प्लगइनला दिला तर त्यातून काहीही निष्पन्न होत नाही. तो आधी युनिकोडमध्ये (सर्व संगणकांना कळणाऱ्या प्रमाणित अक्षरसंकेतात) रूपांतरित करावा लागतो आणि त्यानंतर ओळन्‌ओळ वाचावा लागतो, कारण रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात, जोडाक्षरे तुटतात. तीच गोष्ट चित्रांची. खत-फवारणीचे वेळापत्रक, पॅकिंगचा तक्ता, कंपनीचे माहितीपत्रक हे सारे चित्र किंवा पीडीएफ म्हणून चढवलेले असते, आणि प्लगइन केवळ पानावरचा मजकूर वाचते. हे तक्ते हाताने टंकून घेतल्याशिवाय बंगाली पानाच्या मध्यभागी मराठी चित्र तसेच राहते.

मजकूर स्वच्छ झाल्यावर पानांची प्रतवारी करावी, जशी बागेतून आलेल्या मालाची होते. कंपनीची ओळख, फळाची माहिती, हंगाम, पॅकिंग, संपर्क ही पाने सर्व भाषांत न्यावीत. वार्षिक सभेची सूचना, भागधारकांची यादी, गावपातळीवरची निविदा ही पाने मराठीतच ठेवावीत. ढाक्याच्या आयातदाराला त्यांचा उपयोग नाही आणि प्रत्येक पान पैसे खाते. रोज बदलणाऱ्या भावाच्या पानाचे भाषांतर करू नये. आकडे कस्टम फील्डमध्ये (पानाला जोडलेल्या माहितीच्या स्वतंत्र रकान्यात) एकदाच भरावेत आणि इतर भाषांत ते जसेच्या तसे उचलले जातील अशी रचना करावी. डब्ल्यूपीएमएलमध्ये प्रत्येक फील्डसाठी 'भाषांतर करा', 'नक्कल करा', 'एकदाच नक्कल करा' किंवा 'भाषांतर करू नका' असे पर्याय असतात, आणि ते आधीच नेमून दिले तर पुढची बरीच कटकट वाचते. कीटकनाशकांच्या मात्रेची पाने मात्र निव्वळ यंत्राच्या भरवशावर कधीही प्रसिद्ध करू नयेत. दहा लिटर पाण्यात किती मिलिलिटर, याचा एक शब्द इकडचा तिकडे झाला तर नुकसान बागेचे होते.

खर्चाचा अंदाज ग्राहकाला आधीच लेखी द्यावा. प्लगइनला यंत्राचे भाषांतर पुरवणाऱ्या गुगलच्या क्लाउड ट्रान्सलेशन सेवेत महिन्याला पहिली ५ लाख वर्णचिन्हे मोफत असतात आणि पुढे दर १० लाखांना २० डॉलर असा दर आहे. समजा साइटवर १२० पाने आहेत आणि प्रत्येकावर सरासरी ३,००० वर्णचिन्हे आहेत, तर एकूण ३ लाख ६० हजार झाली; चार भाषांसाठी १४ लाख ४० हजार. मोफत मर्यादा वजा जाता ९ लाख ४० हजार उरतात, म्हणजे सुमारे १९ डॉलर. रक्कम मोठी नाही, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, वर्णचिन्हे मोजताना काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही सारी स्वतंत्र धरली जातात. 'संत्रा' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसला तरी मोजणीत सहाचा आहे. दुसरी अशी की, ट्रान्सलेटप्रेससारख्या प्लगइनमध्ये एखादे पान त्या भाषेत पहिल्यांदा उघडले गेले की भाषांतर होते, आणि ते उघडणारा माणूसच असेल असे नाही. शोधयंत्रांचे क्रॉलर (पाने आपोआप वाचत फिरणारे प्रोग्राम) पाने चाळत राहतात आणि तुमचा कोटा संपत जातो. त्यासाठी क्रॉलर रोखण्याचा आणि दिवसाची मर्यादा घालण्याचा पर्याय प्लगइनमध्येच दिलेला आहे; गुगलची चावी (त्यांची सेवा वापरू देणारा सांकेतिक कोड) प्लगइनमध्ये टाकण्याच्या आधी तो सुरू करावा, आणि ती चावी फक्त आपल्या सर्व्हरवरूनच चालेल असे बंधन गुगलच्या खात्यातही घालावे.

संज्ञासूची हे या कामातले माझे सर्वात आवडते अंग आहे, आणि गावात वाढलेल्या माणसाचा हात येथे शहरी एजन्सीपेक्षा वर असतो. आंबिया बहार, मृग बहार, कोळशी, डिंक्या, फळगळ हे संत्र्याच्या बहारांचे आणि रोगांचे शब्द आपल्याला समजावून सांगावे लागत नाहीत. यंत्राला मात्र मृग म्हणजे हरिण आणि कॅरेट (फळे भरायचा क्रेट) म्हणजे सोन्याची शुद्धता वाटू शकते. संचालकांच्या यादीतले 'काळे' हे आडनाव इंग्रजीत रंग होऊन बसते, म्हणून नावे, गावे आणि पत्ते यांना भाषांतरातून वगळण्याची खूण आधीच करावी. पण सर्वात जपण्याची जागा पैशांची आहे. मराठी पानावर 'प्रति कॅरेट ६०० रुपये' असे लिहिलेले असते. बंगालीत रुपयालाही बोलताना 'टाका' म्हणतात, यंत्र अनेकदा तोच शब्द घालते आणि कोलकात्याच्या वाचकाला त्यात काहीच खटकत नाही. तेच पान बांगलादेशातल्या खरेदीदाराने उघडले की त्याला ६०० बांगलादेशी टाका दिसतात, आणि दोन्ही चलनांचे मूल्य एक नाही. म्हणून बंगाली पानांवर 'भारतीय रुपी' असे पूर्ण लिहिले जाईल, अशी नोंद मी संज्ञासूचीत सर्वात वर करते. शिवाय वर्डप्रेसमध्ये बांगलादेशाची बंगाली आणि भारतातील बंगाली अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत. वाचक कोण आहे हे ग्राहकाला विचारूनच त्यांपैकी एक निवडावी.

पानांच्या पत्त्याबद्दल (यूआरएलबद्दल) थोडे विस्ताराने लिहिते, कारण हे कोणी शिकवत नाही. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता तयार करते आणि त्यासाठी डेटाबेसमध्ये २०० चिन्हांची जागा असते. देवनागरीतले प्रत्येक वर्णचिन्ह पत्त्यात नऊ चिन्हांचे होते, म्हणजे जेमतेम २२ वर्णचिन्हे मावतात. 'संत्रा बागेतील डिंक्या रोगाची लक्षणे' आणि 'संत्रा बागेतील डिंक्या रोगाचे व्यवस्थापन' ही दोन शीर्षके घेतली, तर दोन्ही पत्ते 'डिंक्या' नंतर 'र' येऊन तुटतात आणि अगदी सारखे होतात. मग वर्डप्रेस दुसऱ्याला दोनचा आकडा जोडते. बंगाली आणि तेलुगू लिपींचेही तसेच आहे. शेकडो पाने एकगठ्ठा भाषांतरित झाली की असे तुटके, आकडे चिकटलेले पत्ते साइटभर पसरतात आणि नंतर बदलले तर आधी वाटलेले दुवे मोडतात. पत्त्याचे भाषांतर करण्याचा पर्याय बंद ठेवून सर्व भाषांसाठी रोमन लिपीतला आखूड पत्ता ठेवणे मला सर्वात सोयीचे वाटते.

प्रत्यक्ष भाषांतर चालवण्याच्या आधी पूर्ण बॅकअप घ्यावा आणि काम साइटच्या चाचणी प्रतीवर करावे. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून ब्राउझर उघडा ठेवावा लागणारी पद्धत टाळून सर्व्हरवर रांगेत चालणारी पद्धत निवडावी. तीतही एक मेख आहे : वर्डप्रेसची नियोजित कामे कोणी साइटला भेट दिली तरच पुढे सरकतात, आणि कमी वर्दळीच्या साइटवर रांग तासन्‌तास जागची हलत नाही. होस्टिंगच्या पॅनेलमधून खरी क्रॉन (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणारी सर्व्हरची सोय) लावून घेतली की हा प्रश्न सुटतो.

तपासणीसाठी माणसे कोठून आणायची, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ती विदर्भातच आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेली बंगाली कुटुंबे आहेत, आणि त्यांच्या पुढच्या पिढीतली शिकलेली मुले बंगाली व मराठी दोन्ही सहज वाचतात. सिरोंचा भागात तेलुगू घराघरांत बोलली जाते. माझ्या बंगाली पानांची तपासणी करणारी ताई चामोर्शी तालुक्यातली आहे. ती मोबाइलवर पान उघडते, खटकलेल्या ओळीचा स्क्रीनशॉट काढते आणि सुधारित वाक्य आवाजी संदेशात नव्हे, टंकून पाठवते, कारण ते थेट उचलून प्लगइनमध्ये टाकता येते. तपासणाऱ्याला पानामागे मोबदला द्यावा आणि तो ग्राहकाच्या अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा.

गोंडी आणि कोरकूचे काय, हा प्रश्न मेळघाट-गडचिरोलीत काम करणाऱ्यांना पडतोच. या भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाहीत आणि यांत्रिक भाषांतराच्या नेहमीच्या यादीत त्या सापडत नाहीत. एकगठ्ठा भाषांतराचा मार्ग येथे बंद आहे, पण पॉलीलँगमध्ये यादीबाहेरची भाषाही स्वतः जोडता येते. आरोग्य किंवा वनहक्क विषयांवरची चार-पाच महत्त्वाची पाने त्या भाषेच्या माणसाकडून लिहून घ्यावीत. त्यांचे मोल यंत्राने केलेल्या शंभर पानांहून अधिक आहे.

शोधयंत्रासाठी प्रत्येक भाषेचे पान स्वतंत्र पत्त्यावर असावे आणि ती पाने एचरेफलँग (पान कोणत्या भाषेत आहे हे शोधयंत्राला सांगणाऱ्या) खुणेने एकमेकांकडे बोट दाखवणारी असावीत. खूण एकतर्फी असेल तर गुगल ती मानत नाही. चांगली प्लगइन हे आपोआप करतात, तरी एखाद्या पानाचा सोर्स (पानामागचा कोड) उघडून खात्री करावी. तपासणी न झालेल्या पानांवर नोइंडेक्स (पान शोधात दाखवू नका अशी सूचना) ठेवावे, कारण वाचकाच्या उपयोगाचा विचार न करता ढिगाने तयार केलेला मजकूर गुगलच्या मार्च २०२४ पासूनच्या धोरणात स्पॅम धरला जातो. भाषा निवडण्याच्या बटणावर झेंडे न लावता भाषेचे नाव तिच्याच लिपीत लिहावे. प्रत्येक लिपीचा टंकही तपासावा. मराठीसाठी सुंदर दिसणाऱ्या टंकात तेलुगू अक्षरेच नसतात.

शिकण्यासाठी पैसे लागत नाहीत. स्वतःच्या लॅपटॉपवर लोकल नावाचे साधन टाकून त्यात वर्डप्रेस आणि पॉलीलँग बसवावे. इंटरनेट नसतानाही सराव करता येतो. वर्डप्रेसच्या स्वतःच्या भाषांतर मंचावर मराठीत वाक्ये सुचवावीत. तेथे अधिकृत संपादक ती तपासतात, आणि '%s' सारख्या जागा राखणाऱ्या चिन्हांना धक्का न लावता वाक्य कसे बसवायचे याची सवय लागते. पहिले काम घेताना संपूर्ण साइट घेऊ नये. एक भाषा आणि दहा-पंधरा पाने एवढ्यावरच करार करावा.

त्या करारात एक कलम आवर्जून घालावे. मराठी पानात बदल झाला की इतर भाषांची पाने जुनी होतात, आणि प्लगइन तशी खूण दाखवत असले तरी ती पाहणारे कोणी असावे लागते. बदल कोण कळवणार, किती दिवसांत भाषांतर व तपासणी होणार आणि त्याचा मोबदला काय, हे लेखी ठरवावे. काम सोपवताना संज्ञासूचीची फाइल, भाषांतराच्या चावीचे खाते आणि तपासणाऱ्यांची यादी त्यांच्या संमतीने कंपनीच्या कार्यालयात जमा करावी आणि पोच घ्यावी.