घरदुरुस्तीसाठी संस्थेची मदत घेताय? या चुका टाळा

पाऊस उघडला की मराठवाड्यातल्या गावागावांतून स्थानिक संस्थांकडे अर्ज जायला लागतात. कुणाची भिंत कललेली, कुणाचं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत गळतंय, कुणाचं घरकुल लिंटलवर, म्हणजे दारा-खिडक्यांच्या वरच्या पट्टीवर येऊन अडकलंय. मागणी मात्र बहुतेकांची ठरलेली: पत्रे द्या, नाहीतर सिमेंट द्या. घराला नेमकं झालंय काय, हे अर्जात कुठंच नसतं. मदत वाया जाते ती इथून.

सगळ्यात जीवघेणी चूक माळवदावरची, म्हणजे याच धाब्यावरची. गळलं की टाक आणखी पांढरी माती. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, आपणही टाकतो. थर दीड फुटावर कधी गेला ते कळतही नाही. 10 बाय 12 च्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे जवळपास 8 टन ओझं, भिजल्यावर त्याहून जास्त. आणि ते पेलणार कोण, तर दगड-मातीची भिंत. आतून-बाहेरून रचलेले दगड, मधे नुसती भर, दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा आरपार दगड एकही नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी, सास्तूर भागात अशीच घरं झोपलेल्या माणसांवर बसली. भूकंप झाला म्हणून माणसं गेली असं आपण म्हणतो, पण बहुतेक जीव घेतले ते घरांनीच.

म्हणून जुन्या घरासाठी मदत मागायची असेल तर पहिली मागणी माती उतरवण्याची करा. आधी खालून टेकू द्या, मग माती थराथरानं, सगळीकडून सारखी काढा. छताच्या लाकडी कड्या उघड्या पडल्या की भिंतीत गेलेली टोकं स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघा. स्क्रू-ड्रायव्हर भसकन आत गेला तर वाळवीनं पोखरलंय, तिथं सुतार लागेल. मग वर प्लास्टिकचा जाड कागद, त्यावर वीतभरच माती, पन्हाळीकडे नीट उतार. हे काम उन्हाळ्यातच उरकायचं. आभाळ भरून आल्यावर धाबं उघडं टाकू नये.

भेगांचं दुखणं वेगळं. काळ्या मातीची जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया मुरुमापर्यंत नेला नसेल तर घर तिच्याबरोबर हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, लोक ती गिलाव्यानं बुजवतात, वर्षभरात ती पुन्हा तिथंच. त्यापेक्षा भेगेवर आडवी सिमेंटची पट्टी मारा, शेजारी तारीख लिहा. पुढचा पाऊसकाळ जाईपर्यंत पट्टी तडकली तर भेग चालू आहे आणि दुखणं घराच्या पायात आहे. तेव्हा आधी मोरीचं आणि पन्हाळीचं पाणी भिंतीपासून लांब काढा, गिलाव्याचं नंतर बघू. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा तर नकोच. ओल आत कोंडते, गिलावा फुगतो आणि पोपडेच्या पोपडे निघतात. (संस्थाही यात धुतल्या तांदळासारख्या नाहीत. फलक लावायच्या भिंतीला रंग मिळतो, मागची कललेली भिंत तशीच राहते.)

अतिवृष्टीत पडझड झाली असेल तर ढिगारा हलवायच्या आधी फोटो काढा आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. घर झाडून-लोटून ठेवल्यावर पंचनामा कशाचा करणार?

नवं घर बांधणाऱ्यांचं गणित जोत्यावरच फसतं. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागातल्या सपाट प्रदेशासाठी मूळ अनुदान 1 लाख 20 हजार, आणि घर किमान 25 चौरस मीटरचं, स्वयंपाकाच्या जागेसकट. पण भावकीत मान राहावा म्हणून जोतं दुप्पट निघतं, आणि हप्ते मात्र काम ज्या टप्प्यावर आलं त्याचा फोटो चढल्यावरच मिळतात. मग काम अडतं आणि संस्थेनं दिलेलं सिमेंट गोठून जातं. आधी दोन खोल्या राहण्याजोग्या करा, पुढे वाढवायला गज सोडून ठेवा. घरकुलाला रोजगार हमीतून 90 दिवसांच्या अकुशल मजुरीची तरतूद आहे, शौचालयाचे 12 हजार वेगळे. मस्टर, म्हणजे मजुरांचं हजेरीपत्रक निघालं का, हे रोजगार सेवकाला काम सुरू होतानाच विचारा. छत टाकून झाल्यावर विचारून उपयोग नाही.

कागदांत लोक नमुना 8 वर विसंबतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. घर अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारसनोंद आणि भावांचं लेखी संमतीपत्र आधी करून घ्या. भिंती उभ्या राहिल्यावर भाऊ मोजणी आणतो, तेव्हा संस्था मधे पडत नाही. नोंद करतानाच बायकोचंही नाव लावा.

आणि ‘यादीत नाव घालतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. घरकुलाच्या अर्जाला पैसे लागत नाहीत. संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आहे का ते बघा. तुमचा वाटा म्हणून काही रक्कम मागितली तर पावती घ्या. पावतीवर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक छापलेला हवा. वहीच्या पानावरची सही चालत नाही.

राहिलं पाणी. मे महिन्यात टँकरच्या भरवशावर स्लॅब टाकू नका. किमान आठ-दहा दिवस तो सतत ओला राहायला हवा. प्यायलाच हंडे मोजून मिळत असतील तर स्लॅब दिवाळीनंतर टाका, विहिरीला पाणी असतं तेव्हा.