घोड्याच्या तपासणीत हार्मोन निघालं? आधी या चुका टाळा

द्राक्षवाल्या नाशिककराला रेसिड्यू म्हणजे औषधाचा मागे उरलेला अंश, हे शिकवावं लागत नाही. २०१० मध्ये सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अवशेषांमुळे आपला माल युरोपात अडकला. तेव्हापासून निफाड-दिंडोरीकडचा निर्यातदार फवारणीची तारीख वहीत लिहितो, पीएचआय, म्हणजे शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे दिवस, मोजतो. पण त्याच मळ्यात बांधलेल्या मारवाडी घोड्याला गेल्या काही महिन्यांत काय टोचलं, हे विचारून बघा. 'ताकदीचं एक इंजेक्शन दिलं होतं,' यापुढे उत्तर सरकत नाही. घोडा वरातीपुरता असेल तर कुणी विचारणारही नाही (त्याच्या तब्येतीची वाट लागते ती लागतेच). एन्ड्युरन्सला, म्हणजे लांब पल्ल्याच्या स्पर्धेला, उतरवायचा असेल किंवा पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर पाठवायचा असेल, तर मात्र हीच अर्धवट माहिती अंगाशी येते.

'ताकदीचं इंजेक्शन' म्हणून सोडून देणं

अशा बाटलीत बहुतेक वेळा नॅन्ड्रोलोन किंवा बोल्डेनोन असतं, म्हणजे स्नायू वाढवणारं, नर हार्मोनसारखं अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड. अशक्त, आजारातून उठलेल्या जनावराला ते सर्रास दिलं जातं. औषध तेलात असतं, स्नायूत साठून राहतं आणि थेंबाथेंबाने रक्तात उतरतं. त्यामुळे त्याच्या खुणा लघवीत आठवडेच काय, महिनोन् महिने सापडू शकतात. 'एकवीस दिवसांत निघून जातं' हे तबेल्यातलं गणित इथे साफ चुकतं.

सूज उतरवायला देतात त्या डेक्सामेथासोनचं प्रकरण वेगळं. तेही हार्मोनच्याच घराण्यातलं, पण एफईआय या घोडेस्वारीच्या जागतिक संघटनेच्या यादीत ते 'नियंत्रित' औषध आहे: उपचाराला चालतं, स्पर्धेच्या दिवशी अंगात चालत नाही. अॅनाबॉलिक स्टेरॉइड्स थेट 'बंदी'च्या रकान्यात आहेत. काही नियंत्रित औषधांसाठी एफईआय शोधकाळ, म्हणजे औषध किती काळ तपासणीत सापडतं ते, छापते, पण तो मोजक्या घोड्यांवर पाहिलेला काळ असतो. त्यावर सुरक्षित अंतर किती ठेवायचं, हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. शोधकाळालाच थांबण्याचा काळ समजून बसणारे पुष्कळ आहेत.

'सध्या स्पर्धा नाही, मग काय बिघडलं?' हा समजही महाग पडतो. २०१३ मध्ये इंग्लंडातल्या न्यूमार्केटच्या महमूद अल झारूनी या नामवंत ट्रेनरचे घोडे स्टॅनोझोलोल आणि इथाइलइस्ट्रेनॉल या अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडांमध्ये सापडले. घोडे त्या वेळी शर्यतीत नव्हते, त्यामुळे नियम मोडतोय हे लक्षात आलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आठ वर्षांची बंदी काही टळली नाही.

माणसांच्या पॅथॉलॉजीत रक्त देणं

गावातल्या लॅबमध्ये टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे नर हार्मोनची, चाचणी करून घ्यायची आणि आकडा 'नॉर्मल' आला की निर्धास्त व्हायचं, ही चूक इतकी सोयीची आहे की ती कुणाला चूक वाटतच नाही. एक तर ते किट माणसाच्या रक्तासाठी बनवलेलं असतं. दुसरं म्हणजे नॅन्ड्रोलोन, स्टॅनोझोलोल वगैरे त्यात वेगळं दिसतच नाही. आणि तिसरा गोंधळ एककाचा. रेसिंगच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या कलम ६ नुसार खच्ची घोडा आणि गाभण नसलेली घोडी यांच्या प्लाझ्मात मुक्त टेस्टोस्टेरॉनची मर्यादा १०० पिकोग्रॅम प्रति मिलिलीटर आहे. आपल्या लॅबचा रिपोर्ट बहुधा नॅनोग्रॅम प्रति डेसीलीटरमध्ये येतो. त्या हिशेबात ही मर्यादा होते फक्त १०. त्यात रिपोर्टवर शेजारी छापलेली 'नॉर्मल रेंज' पुरुषाची, म्हणजे शेकड्यांत! घोडी मर्यादेच्या कितीतरी वर असली तरी कागदावर गरीब गाय दिसते.

खरी तपासणी मास स्पेक्ट्रोमेट्रीवर, म्हणजे रेणूच्या वजनावरून द्रव्य ओळखणाऱ्या यंत्रावर, होते. भारतात घोड्यांच्या डोप चाचणीचं काम दिल्लीची राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळा, म्हणजे एनडीटीएल, करते.

घोडा की घोडी, हे न बघता आकडा वाचणं

लघवीत टेस्टोस्टेरॉनची मर्यादा खच्ची घोड्याला २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर, घोडीला ५५. खच्ची न केलेल्या घोड्याच्या अंगात नॅन्ड्रोलोनच्या कुळातली द्रव्यं आणि थोडं बोल्डेनोन आपसूकच असतं. म्हणून त्याच्यासाठी बोल्डेनोनची वेगळी मर्यादा आहे, १५ नॅनोग्रॅम. घोडी गाभण असेल तर टेस्टोस्टेरॉन वाढलेलं असतंच, आणि नियम तिला त्यातून वगळतो. पण ती गाभण आहे हे मालकालाच ठाऊक नसेल तर काय? नमुना देण्याआधी सोनोग्राफी करून ठेवलेली बरी.

'खच्ची' म्हणून घेतलेल्या घोड्याचं टेस्टोस्टेरॉन सतत जास्त येत असेल, तर मोतद्दारावर (घोडा सांभाळणाऱ्यावर) संशय घेण्याआधी घोडा तपासा. एक अंडकोष पोटातच राहून गेलेला असू शकतो. असा घोडा माद्यांमागे लागतो, दुसऱ्या घोड्यांशी भांडतो. एएमएच या अंडकोषातून येणाऱ्या हार्मोनची रक्तचाचणी किंवा एचसीजी हे अंडकोषाला चालना देणारं हार्मोन देऊन आधी-नंतरचं टेस्टोस्टेरॉन मोजणं, यातून छडा लागतो.

घोडीचा माज थांबवायला देतात ते अल्ट्रेनोजेस्ट एफईआयमध्ये घोडीला चालतं, नर आणि खच्ची घोड्याला नाही. एकाच बादलीतून चंदी (दाणा-खुराक) वाटली की संपलंच. हे औषध माणसाच्या कातडीतूनही शरीरात जातं. बायका ते हाताळत असतील तर हातमोजे हवेतच.

चंदी, पावडर आणि तबेल्यातल्या सवयी

मसल वाढवण्याच्या पावडरीच्या डब्यावर 'आयुर्वेदिक' लिहिलंय म्हणून आत काय आहे ते कळत नाही. घटक आणि बॅच नंबर नसेल तर डबा दुकानातच ठेवा. रक्तवाढीच्या टॉनिकमध्ये कोबाल्ट आहे का, तेही बघा. त्याची मर्यादा लघवीत १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर आहे. टॉनिकाची एक-दोन इंजेक्शनं लागोपाठ झाली की ती जवळ येऊ शकते.

आणखी एक, जरा ओशाळं करणारं. मोतद्दाराने तबेल्याच्या कोपऱ्यात लघवी करू नये. त्याने घेतलेल्या गोळीचा अंश गवतावाटे घोड्याच्या पोटात जातो. त्याच्या खाजेच्या मलमातलं स्टेरॉइडही हाताने चंदीत उतरतं.

नमुना आणि केस

नमुना घेताना मालकाचा माणूस हजर हवा. चिपचा नंबर जुळतोय का, ए (पहिल्या तपासणीची) आणि बी (फेरतपासणीसाठी राखलेली) बाटल्यांचं सील बसलंय का, हे बघूनच सही करावी. घोडा लघवी करत नसेल तर पेंढ्यावर उभा करून शीळ घालतात, ती अंधश्रद्धा नाही, बऱ्याच घोड्यांवर चालते. लिदीत पडलेली लघवी उचलून बाटलीत भरू देऊ नका. नमुना उन्हात गाडीत ठेवला तर जंतू स्टेरॉइडांची घडणच बदलतात.

येवल्याच्या बाजारातून किंवा सारंगखेड्याहून घोडा घेताना त्याचा इतिहास कुणी सांगत नाही. आयाळीचा केस महिन्याला साधारण दोन-अडीच सेंटीमीटर वाढतो, म्हणजे लांब केसात कित्येक महिने नोंदलेले असतात. केस कातडीलगत कापा, मुळाकडच्या टोकाला दोरा बांधून खूण करा. टेस्टोस्टेरॉन शरीरात असतंच, पण त्याचं एस्टर, म्हणजे इंजेक्शनसाठी बनवलेलं रूप, केसात निघालं तर ते सुईतूनच आलेलं असतं. उलट केस स्वच्छ आला म्हणजे घोडा निर्दोष, असंही नाही. ग्रोथ हार्मोन किंवा ईपीओ (तांबड्या पेशी वाढवणारं हार्मोन) केसात सापडत नाही.

पॉझिटिव्हचं पत्र आलंच तर घाबरून डबे-बाटल्या फेकू नका. बी नमुना तपासण्याची मागणी मुदतीत, लेखी करा. औषधांच्या वहीची प्रत काढा आणि त्याच बॅचची उरलेली पावडर साक्षीदारासमोर सील करून फ्रिजमध्ये ठेवा.