हवा आणि उद्यानांविषयी नगरपालिकेला प्रश्न कसे विचारावेत

संध्याकाळी मुलांना घेऊन मैदानावर जावे तर कोपऱ्यात कचऱ्याचा ढीग धुमसत असतो, झोपाळ्याची एक साखळी तारेने बांधलेली असते, आणि या दोन्ही गोष्टींबद्दल नेमके कोणाला विचारावे हे ठाऊक नसल्यामुळे माणसे तशीच घरी परततात. मराठवाड्यातील बहुतेक शहरांत हे नित्याचे झाले आहे. पुढील मजकूर अशा रहिवाशांसाठी आहे ज्यांना तक्रार करून थांबायचे नाही, तर उत्तर मिळवायचे आहे. माझा अनुभव असा की ज्या प्रश्नाचे उत्तर तोंडी देऊन भागते तो प्रश्न वाया जातो, आणि ज्याचे उत्तर एखादी नोंद, नकाशा किंवा देयक दाखवूनच द्यावे लागते तोच प्रश्न कार्यालयात टिकतो.

आपण उपकार मागत नाही, हे आधी मनाशी पक्के करावे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यात नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येणाऱ्या विषयांमध्ये उद्याने, बागा व क्रीडांगणे यांचा उल्लेख आहे आणि नागरी वनीकरण व पर्यावरणाचे संरक्षण हाही विषय आहे. महानगरपालिकांपुरते पाहिले तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 67-अ नुसार आयुक्तांनी दरवर्षी 31 जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा असतो. आपल्या शहराचा मागील तीन वर्षांचा हा अहवाल मागणे ही उत्तम सुरुवात आहे, कारण अहवाल मिळाला तर आकडे हाती येतात आणि तो तयारच झाला नसेल तर तेही लेखी कळते.

मात्र कार्यालयाची पायरी चढण्यापूर्वी पंधरा दिवस स्वतःची वही ठेवावी. दोनशे पानी साधी वही पुरेशी आहे. तारीख, वेळ, जागा, काय जळत होते, धूर किती वेळ राहिला, एवढेच लिहावे. शक्य असल्यास छायाचित्र काढावे. ओसरीच्या कठड्यावरून सकाळी पांढरे ओले फडके फिरवून पाहावे. रस्त्याची धूळ मातकट असते आणि बोटांत चोळली तर खरखरते. काजळी मात्र बोटाला चिकटते आणि चोळली की काळी रेघ उमटते. हा प्रयोगशाळेचा पुरावा नव्हे, पण खोदलेल्या रस्त्याविषयी विचारावे की जळणाऱ्या कचऱ्याविषयी, याची दिशा त्यातून मिळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही आणि धूर खालीच साचून राहतो. म्हणून ही वही हिवाळ्यात ठेवल्यास अधिक उपयोगी पडते. त्याच काळात पहाटे फिरायला जाणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही आपापल्या नोंदी द्याव्यात.

यानंतर धूर कोणाच्या हद्दीतला आहे हे ठरवावे लागते, आणि इथेच बहुतेक अर्ज भरकटतात. कारखान्याच्या धुराड्यासाठी 1981 च्या वायू प्रदूषण प्रतिबंध कायद्याखाली संमतीपत्र देणारी आणि तपासणी करणारी यंत्रणा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ही आहे. तिचे प्रादेशिक कार्यालय छत्रपती संभाजीनगरला असून जालना, लातूर, नांदेड येथे उपप्रादेशिक कार्यालये आहेत. जालन्यात सळई तयार करणाऱ्या भट्ट्यांविषयी विचारायचे असेल, तर महापालिकेला दहा पत्रे लिहिण्यापेक्षा मंडळाकडे एक पत्र द्यावे आणि संमतीपत्रातील अटींची प्रत मागावी. वाहनांच्या धुराचा विषय परिवहन कार्यालयाचा आहे. परंतु रस्त्याकडेची माती, जलवाहिनी टाकून झाल्यावर न बुजवलेले चर, उघड्यावर टाकलेला बांधकामाचा राडारोडा आणि पेटवलेला कचरा या सगळ्या गोष्टी थेट नगरपालिकेच्या आहेत. कचऱ्याबाबत एक गोष्ट अर्जात अवश्य लिहावी: राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास 25,000 रुपये भरपाई आकारण्याचा आदेश दिला आहे. म्हणून ‘कचरा का जाळला जातो’ असे न विचारता ‘गेल्या वर्षभरात कचरा जाळल्याबद्दल किती जणांकडून किती रक्कम वसूल केली, त्या पावत्यांच्या प्रती द्याव्यात’ असे विचारावे.

हवेचे आकडे वाचताना थोडी सावधगिरी हवी. 2009 मध्ये ठरलेल्या राष्ट्रीय मानकांनुसार दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची, म्हणजे पीएम 10 ची, चोवीस तासांची मर्यादा प्रति घनमीटर 100 मायक्रोग्रॅम व वार्षिक सरासरीची मर्यादा 60 आहे, त्याहून बारीक, अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी, म्हणजे पीएम 2.5 साठी, हेच आकडे 60 आणि 40 आहेत. हवा गुणवत्ता निर्देशांक ही वेगळी गोष्ट आहे: तो 0 ते 500 या पट्टीवर असतो, 100 पर्यंत समाधानकारक आणि 200 च्या पुढे वाईट मानला जातो, आणि मोजलेल्या प्रदूषकांपैकी ज्याची स्थिती सर्वांत वाईट असेल त्यावरून तो ठरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या मोबाईल ॲपवर तो पाहता येतो. पण धूलिकणांचा हिशेब चोवीस तासांच्या सरासरीचा असतो, आणि आपल्या गल्लीत संध्याकाळी तासभर दाटलेला धूर त्या सरासरीत विरघळून जातो. शिवाय हाताने नमुने घेणाऱ्या केंद्रांवर आठवड्यातून दोनदा, वर्षाला 104 दिवस मोजणी अपेक्षित असते. उरलेल्या दिवसांची हवा तिथे मोजलीच जात नाही. म्हणून ‘निर्देशांक समाधानकारक आहे’ असे उत्तर आले तर निराश न होता केंद्र कोठे आहे, ते आपल्या वसाहतीपासून किती दूर आहे आणि गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती दिवस मोजणी झाली, हे तीन प्रश्न विचारावेत. आपली वही याच ठिकाणी कामाला येते.

मराठवाड्यातील छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही तीन शहरे केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहेत. हा कार्यक्रम जानेवारी 2019 मध्ये सुरू झाला. अशा प्रत्येक शहराचा कृती आराखडा असतो आणि त्यासाठी निधी येतो. या तीन शहरांतील रहिवाशांनी आराखड्याची प्रत, आलेला निधी, कामनिहाय झालेला खर्च आणि घेतलेली यंत्रे सध्या कोठे चालतात त्यांची नोंदवही मागावी. झाडूयंत्र खरेदी झाले असेल तर ते कोणत्या रस्त्यावर, कोणत्या दिवशी, किती तास फिरले हे नोंदवहीच सांगते, आणि माझ्या मते या एका नोंदवहीत वर्षभराच्या भाषणांपेक्षा जास्त माहिती असते. नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, हिंगोलीच्या रहिवाशांचा पहिला प्रश्न वेगळा असेल: आमच्या शहरात हवा मोजली जाते का, आणि जात असेल तर कोठे?

उद्याने व मैदानांच्या बाबतीत जागेपासून सुरुवात करावी. झोपाळे आणि घसरगुंडी दुरुस्त होतील. पण एकदा गेलेली जागा परत मिळत नाही. नगररचना विभागाकडून विकास आराखड्याचा आपल्या भागाचा नकाशा घ्यावा आणि त्यात ‘उद्यान’ किंवा ‘क्रीडांगण’ असे आरक्षण कोणत्या गटावर आहे ते पाहावे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 नुसार दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक सूचनापत्र देऊ शकतो, आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत कार्यवाही न झाल्यास ते आरक्षण संपुष्टात येते. त्यामुळे असे सूचनापत्र आले आहे काय, आले असेल तर कोणत्या तारखेला, हा प्रश्न वेळेत विचारणे फार महत्त्वाचे आहे. दुसरी जागा म्हणजे लेआउटमधील, म्हणजे जमिनीचे भूखंड पाडण्याच्या मंजूर आखणीतील, खुली जागा. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे साधारणपणे 0.4 हेक्टरपेक्षा मोठ्या भूखंडाच्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. मंजूर लेआउटची प्रत मागून ती जागा टेपने मोजावी.

मोजण्याची गोष्ट मी अनुभवाने सांगतो. आमच्या वसाहतीच्या बागेविषयी आम्ही पहिल्यांदा जे निवेदन दिले त्यात अकरा तक्रारी होत्या, आणि दीड महिन्याने ‘आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे’ एवढ्या एका ओळीचे उत्तर आले. पुढच्या वेळी आम्ही फक्त एक कागद मागितला: खेळण्यांच्या दुरुस्तीच्या कामाची मोजमाप पुस्तिका, म्हणजे प्रत्यक्ष किती काम झाले याची कार्यालयाने ठेवलेली नोंद, जिला सगळे एमबी म्हणतात. तिच्यात चार नवे झोपाळे लिहिलेले होते. बागेत दोनच होते आणि त्यांपैकी एकाच्या बैठकीची फळी निघालेली होती. पुस्तिकेच्या त्या पानाची प्रत आणि झोपाळ्यांचे छायाचित्र शेजारी शेजारी ठेवून आम्ही अधिकाऱ्यांना दाखवले, आवाज चढवला नाही. महिनाभरात उरलेले दोन झोपाळे बसले. अकरा तक्रारींना जे जमले नाही ते एका पानाने केले. तेव्हापासून कोणत्याही कामाबाबत कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक हे तीन कागद मागण्याची आम्ही सवय लावून घेतली आहे.

बागेच्या पाण्याचा प्रश्न आपल्याकडे नाजूक आहे. ज्या प्रदेशात 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हिरवळीसाठी पाणी मागताना संकोच वाटतो आणि तो योग्यही आहे. म्हणून पिण्याचे पाणी न मागता शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून दररोज किती पाणी बाहेर पडते आणि त्यातील किती उद्यानांना दिले जाते, हे विचारावे. हिरवळीऐवजी कडुलिंब, करंज, वड यांसारखी सावलीची झाडे लावण्याचा आग्रह धरावा. ती एकदा रुजली की कमी पाण्यावर तगतात आणि धूळही अडवतात. मालमत्ता कराच्या बिलात वृक्ष कर म्हणून रक्कम आकारली जात असेल तर तिचा मागील तीन वर्षांचा जमाखर्च मागावा. वृक्ष संवर्धनाच्या 1975 च्या कायद्यानुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हायला हवी. शेवटची केव्हा झाली तेही विचारावे.

आता अर्जाची पद्धत. साधे निवेदन देताना दोन प्रती न्याव्यात, एक आवक-जावक विभागात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नये. माहिती अधिकाराचा अर्ज करताना दहा रुपयांचे कोर्ट फी मुद्रांक लावावे; महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या मर्यादेत असावा लागतो, त्यामुळे हवेचा आणि बागेचा अर्ज वेगवेगळा करावा. मजकूर साधारण असा असू द्यावा: ‘प्रभागातील अमुक उद्यानाच्या देखभालीसाठी 1 एप्रिल ते 31 मार्च या आर्थिक वर्षात दिलेल्या कार्यादेशांच्या, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पानांच्या आणि अदा केलेल्या देयकांच्या प्रती मिळाव्यात, तसेच उद्यानावर नेमलेल्या माळी व सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या हजेरीपटाची पाहणी करू द्यावी.’ यात ‘का’ आणि ‘कधी करणार’ हे शब्द नाहीत, कारण या कायद्याखाली असलेली नोंद मागता येते, खुलासा किंवा आश्वासन मागता येत नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढील तीस दिवसांत प्रथम अपील करावे, आणि तेही निष्फळ ठरल्यास नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे जावे. पुष्कळदा एवढे करावे लागत नाही. स्थानिक कार्यालयांत सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची व्यवस्था 2018 च्या शासन आदेशाने ठरलेली आहे. तिचा लाभ घ्यावा.

जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, परंतु तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते आणि अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. ज्या घरात दम्याचा रुग्ण आहे आणि ज्यांच्या खिडकीखालीच कचरा पेटवला जातो, त्यांनी तिथे स्वतःच्या नावाने अर्ज करावा.

नगरसेवकांचा मार्ग विसरू नये. छत्रपती संभाजीनगरात एप्रिल 2020 पासून कित्येक वर्षे नगरसेवकच नव्हते आणि प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात सभागृहात प्रश्न विचारणारे कोणी नसले की काय होते ते आपण पाहिले आहे. सर्वसाधारण सभेत प्रश्न मांडण्याचा अधिकार सदस्याचा असतो, म्हणून त्यांना लेखी प्रश्न तयार करून द्यावा आणि नंतर सभेच्या इतिवृत्ताची प्रत घेऊन तो खरोखर मांडला गेला का ते तपासावे.

भेटीला जाताना चार-पाच जणांनी जावे, बोलणारा एकच असावा, आणि त्यात मैदानाचा रोज वापर करणाऱ्या महिला व मुलांच्या वतीने बोलू शकणारे कोणी असावे. बागेतील माळ्यावर राग काढू नये. तो बहुधा कंत्राटी असतो, आणि नळाला पाणी नसणे किंवा खुरपे न मिळणे यात त्याचा दोष नसतो. उलट बागेत काय बिघडले आहे हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते.

‘निधी उपलब्ध होताच काम हाती घेण्यात येईल’ असे उत्तर आले तर त्यावर समाधान मानू नये. हे काम कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातील खर्चाच्या कोणत्या सदराखाली, येते आणि चालू अंदाजपत्रकात त्या लेखाशीर्षाला किती तरतूद आहे, हे स्मरणपत्रात विचारावे. अंदाजपत्रकाची आखणी साधारणपणे हिवाळ्यात होते, त्यामुळे बागेसाठीची मागणी डिसेंबरच्या आत, आवक क्रमांकासह, कार्यालयात पोहोचलेली असावी. आणि हवेविषयीचा अर्ज त्याच्याही आधी, दिवाळीच्या सुमारास, म्हणजे धूर खाली साचू लागण्यापूर्वी द्यावा.