गुझेंग घेताना आणि वाजवताना या चुका टाळा

गुझेंग हे चिनी तंतुवाद्य हौसेने शिकू पाहणाऱ्यांची पहिली तक्रार बहुधा हीच असते की, वाद्य सुरात राहत नाही. काही महिन्यांनी तिला दुसरी तक्रार येऊन मिळते, ती म्हणजे डाव्या हाताने मींड काढताना, म्हणजे तार दाबून एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाताना, बोटे दुखतात आणि एवढे करूनही स्वर नेमका लागत नाही. दोन्हींचे खापर वाद्याच्या दर्जावर किंवा आपल्या कच्च्या कानावर फोडले जाते. सिंगापूरमध्ये नोकरीनिमित्त राहत असताना मी हे वाद्य शिकू लागलो आणि पुढे ते पुण्याला घेऊन आलो. एवढ्या वर्षांत स्वतःच्या आणि इतरांच्या वाद्यांवर मी जे पाहिले त्यावरून सांगतो की, बहुतेक वेळा दोष तारांखालच्या छोट्या लाकडी घोड्यांच्या जागेत सापडतो. म्हणून या लेखात घोड्यांविषयी जास्त आणि बाकीच्या गोष्टींविषयी कमी लिहिले आहे.

आधी वाद्याची रचना नीट समजून घ्यावी. आज सर्वत्र वाजवले जाणारे गुझेंग 21 तारांचे आणि सुमारे 163 सेंटिमीटर लांबीचे असते. हे रूप 1960च्या दशकात शांघायमध्ये रुळले. पूर्वी रेशमी तारा असत, आता पोलादी गाभ्यावर नायलॉन गुंडाळलेल्या तारा असतात. प्रत्येक तारेखाली एक सुटी घोडी उभी असते. ती तबलीला, म्हणजे वाद्याच्या वरच्या लाकडी फळीला, चिकटवलेली नसते, केवळ तारेच्या दाबाने जागेवर राहते. या घोड्यांची तिरकी रांग उडत्या रानहंसांच्या थव्यासारखी दिसते, म्हणून चिनी भाषेत त्यांना हंसस्तंभ अशा अर्थाचे नाव आहे. घोडीच्या उजवीकडचा भाग छेडायचा आणि डावीकडचा भाग दाबून स्वर चढवायचा, अशी ही व्यवस्था आहे. नेहमीच्या स्वरजुळणीत पांढरी दोन (बाजाच्या पेटीवरची दुसरी पांढरी पट्टी) हा षड्ज असतो आणि तारा सा, रे, ग, प, ध अशा क्रमाने चार सप्तके भरतात. म्हणजे आपल्या कानाला हे वाद्य मुळातच भूप रागात लावलेले असते. शुद्ध मध्यम हवा असेल तर गंधाराची तार अर्ध्या स्वराने दाबायची आणि शुद्ध निषाद हवा असेल तर धैवताची तार पूर्ण स्वराने दाबायची.

खरेदीतली पहिली चूक नावाच्या साधर्म्यामुळे होते. गुचिन हे वेगळे वाद्य आहे. त्याला 7 तारा असतात, घोड्या मुळीच नसतात, तबलीवर 13 ठिपके असतात आणि त्याचा आवाज इतका हळुवार असतो की शेजारच्या खोलीतही तो जेमतेम पोचतो. युनेस्कोने 2003 साली गौरवलेली कला गुचिनची आहे. चित्रपटातले एखादे दृश्य पाहून वाद्याची मागणी नोंदवणाऱ्याने आपण ऐकलेला आवाज या दोहोंपैकी कशाचा होता, याची खात्री आधी करून घ्यावी.

दुसरी चूक आखूड वाद्य घेण्याची. घरात जागा कमी असते, वाहतुकीचा खर्च जास्त असतो, आणि सव्वा मीटरच्या आसपासची छोटी गुझेंगे दिसायलाही गोजिरवाणी असतात. पण त्यांच्यात घोडीच्या डावीकडे तारेची पुरेशी लांबी उरत नाही. आखूड तार दाबायला कडक लागते, ती थोडी जास्त दाबली की स्वर एकदम वर पळतो, आणि मींड शिकण्याच्या काळातच हात चुकीच्या जोराला सरावतो. जागा खरोखरच नसेल तर पूर्ण लांबीचे साधे वाद्य घेऊन ते न वाजवण्याच्या वेळी भिंतीशी आडव्या कडेवर ठेवणे, हा मला अधिक शहाणपणाचा मार्ग वाटतो.

तिसरी चूक नक्षीला पैसे मोजण्याची आहे. शिंपल्याचे जडावकाम, कोरीव कमळे आणि कडेच्या लाकडाची भारदस्त नावे यांनी किंमत वाढते. आवाज मात्र मुख्यतः तबलीचा असतो. ती पॉलोनिया नावाच्या हलक्या लाकडाची असते. हेनान प्रांतातील लानकाओ हा तालुका या लाकडासाठी प्रसिद्ध आहे आणि त्यामागची हकीकत मला फार प्रिय आहे. वाळूच्या वादळांनी तिथली शेती उजाड होत होती. 1962 साली तिथे आलेले अधिकारी ज्याओ यूलू यांनी वाळू थोपवण्यासाठी पॉलोनियाची लागवड करण्याचा ध्यास घेतला आणि 1964 साली त्यांचे निधन झाले. पुढे त्याच लागवडीच्या जोरावर तो भाग वाद्यांच्या तबल्या पुरवू लागला. दुकानात उभे राहून तबलीकडे पाहावे: मधल्या भागात लाकडाच्या रेषा सरळ आणि समान अंतरावर असाव्यात, कुठे चीर नसावी. मग वरपासून खर्जापर्यंत एकेक तार सावकाश छेडावी. वरच्या तारा काचेसारख्या तुटक वाजत असतील किंवा खर्जाच्या तारांमध्ये खरखर ऐकू येत असेल, तर सवलत कितीही मोठी असली तरी पुढे जावे.

तारा छेडण्यासाठी बोटांना बांधायच्या नख्यांबाबत एक गोष्ट ठामपणे सांगतो. जुन्या वाद्यांबरोबर किंवा ‘खास’ म्हणून काही ठिकाणी खऱ्या कासवाच्या पाठीच्या नख्या मिळतात. ते कवच हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाचे असते. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1977 पासून बंदी आहे आणि भारतात तर हा प्राणी 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अशा नख्या घेऊ नयेत आणि भेट म्हणूनही स्वीकारू नयेत. कृत्रिम नख्यांनी हौशी वादकाचे काहीही अडत नाही.

आता स्वर लावण्याकडे वळू. माझी स्वतःची पहिली फजिती इथेच झाली. फोनवरच्या ट्यूनरमध्ये स्वराच्या अक्षरापुढचे तीव्राचे चिन्ह इतके बारीक दिसत होते की, मी गंधाराच्या चारही तारा काळी तीनऐवजी पांढरी चारमध्ये लावल्या. दोन दिवस मी भूपातली ओळखीची सुरावट वाजवत होतो आणि ती विनाकारण व्याकूळ का वाटते, हे मला कळत नव्हते. गंधार कोमल झाल्यामुळे माझे वाद्य शिवरंजनी रागात लागले होते. तेव्हापासून मी 4, 9, 14 आणि 19 या गंधाराच्या तारा दोनदा तपासतो. तारांची मोजणी वादकाच्या सर्वांत जवळच्या, सर्वांत बारीक तारेपासून होते. खुणेसाठी 3, 8, 13 आणि 18 या तारा हिरव्या रंगाच्या असतात. त्या पंचमाच्या, म्हणजे पांढरी सहाच्या. दर पाच तारांनी सप्तक बदलते, हे एकदा डोक्यात बसले की वाद्यावर हरवायला होत नाही.

याहून महागात पडणारी चूक सप्तकाची आहे. ट्यूनर स्वराचे अक्षर दाखवतो, पण त्याच्याजवळचा सप्तकाचा आकडा नवशिका पाहत नाही. मग बारीक तार एक सप्तक वर चढवण्याच्या प्रयत्नात ती तुटते, आणि तुटलेली तार हाताला किंवा चेहऱ्याला लागू शकते. पहिल्या तारेचा षड्ज सहाव्या सप्तकाचा आणि एकविसाव्या तारेचा दुसऱ्या सप्तकाचा दिसला पाहिजे. किल्लीने खुंटी फिरवण्यापूर्वी तार छेडावी, खुंटी केसभर फिरवावी आणि स्वर वर गेला की खाली आला ते आधी ऐकावे. वाद्य नवे असेल किंवा प्रवासातून आलेले असेल, तर सगळ्या तारा एकाच फेरीत नेमक्या स्वरावर आणण्याचा आग्रह धरू नये. शेवटच्या तारा ताणल्या जातात तेव्हा तबलीवरचा एकूण भार वाढतो आणि पहिल्या तारा उतरतात. पहिल्या फेरीत थोडे खाली, दुसरीत जवळपास आणि तिसरीत नेमके, असे करावे. पहिले काही आठवडे वाद्य रोज उतरत असेल तर त्यात काळजीचे कारण नाही.

यानंतर घोड्या. घोडी उजवीकडे सरकवली की छेडण्याचा भाग आखूड होतो आणि स्वर चढतो. डावीकडे सरकवली की उतरतो. हे इतके सोपे आहे की नवशिका किल्ली पेटीत ठेवून देतो आणि रोजचा फरक घोड्या सरकवूनच काढतो. दोन-तीन महिन्यांत रांग वेडीवाकडी होते, काही घोड्या शेजारच्या तारांना भिडू लागतात, काही कलतात, आणि डावीकडची लांबी बदलल्यामुळे एका सप्तकातला मध्यम हलक्या दाबाने लागतो तर दुसऱ्या सप्तकातला मनगट दुखेपर्यंत दाबूनही लागत नाही. मींडीच्या ज्या तक्रारीने लेखाची सुरुवात केली, तिचे मूळ पुष्कळदा इथे असते. ठळक फरक खुंटीने काढावा, घोडी फक्त बारीक फरकासाठी एखाद-दुसरा सेंटिमीटर हलवावी. वाद्य घेतल्या दिवशी घोड्यांच्या रांगेचा वरून एक फोटो काढून ठेवला, तर पुढे तो फार उपयोगी पडतो. घोडी सरकवताना तिचे डोके ढकलू नये, कारण ती आडवी पडते आणि तार तबलीवर आपटते. एका हाताने तार किंचित उचलावी आणि दुसऱ्या हाताने घोडी पायाशी धरून हलवावी. घोड्यांवर आकडे असतात, त्यांची अदलाबदल करू नये.

घोड्या सरकवण्याचा एक रीतसर उपयोगही आहे. गंधाराच्या चार तारा अर्ध्या स्वराने चढवून पांढरी पाचवर नेल्या की चिनी वादकाच्या लेखी स्वरजुळणी पांढरी पाचच्या षड्जाची होते. आपण मात्र पांढरी दोनलाच षड्ज मानत राहिलो तर तोच संच दुर्गाचा ऐकू येतो. मूळ जुळणीत काहीही न बदलता गंधाराला षड्ज मानले तर मालकंसाचे स्वर मिळतात. हा आनंद घ्यावा, पण त्याच्या भरात तोडी किंवा मारवा लावण्यासाठी तारा एक-दीड स्वर वर ताणण्याचा मोह टाळावा. प्रत्येक तारेची जाडी तिच्या ठरलेल्या स्वरासाठी असते आणि खुंट्याही त्याहून जास्त ताणासाठी बसवलेल्या नसतात.

डाव्या हाताची दुसरी चूक जागेची. घोडीच्या अगदी जवळ दाबले तर तार दगडासारखी लागते आणि घोडी हलते. घोडीपासून वीतभर किंवा त्याहून थोडे कमी अंतर डावीकडे ठेवून दोन-तीन बोटांची पेरे एकत्र टेकवावीत आणि बोटांच्या जोराऐवजी हाताचे वजन सोडावे. दाबलेला मध्यम रोज ट्यूनरवर किंवा बाजाच्या पेटीवर पडताळून पाहावा.

उजव्या हाताच्या नख्या बोटांच्या गुबगुबीत बाजूला कापडी चिकटपट्टीने बांधतात. पट्टी पेरावर आली तर बोट वाकत नाही, फार आवळली तर टोक निळसर होते, आणि नखी फार पुढे काढली तर ती तारेत अडकते. घामट हवेत पट्टी सुटते, म्हणून हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत.

चिनी धडे आकड्यांच्या लिपीत असतात आणि तिथे जवळजवळ प्रत्येक जण एकदा चुकतो. 1, 2, 3, 5, 6 हे तारांचे क्रमांक नाहीत, ते सा, रे, ग, प, ध आहेत. आकड्यावरचा ठिपका तार सप्तकाचा आणि खालचा मंद्राचा, हे भातखंडे स्वरलेखन पद्धत वाचणाऱ्याला शिकवावे लागत नाही. आकड्याखालची आडवी रेघ मात्र मात्रा अर्धी करते, एवढे लक्षात ठेवावे.

शेवटी हवामानाविषयी. तबलीवर जाड रोगण नसते, त्यामुळे तिच्यावर ओले फडके किंवा खोबरेल तेल कधीही फिरवू नये. तारांखालची धूळ मऊ कुंचल्याने काढावी. कोकणातल्या आणि मुंबईच्या पावसाळ्यात तबली ओल धरते आणि आवाज दबतो, तर पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात किंवा सतत चालणाऱ्या वातानुकूलन यंत्राखाली तिला चीर पडू शकते. आर्द्रता मोजणारे छोटे उपकरण खोलीत ठेवावे आणि आकडा साधारण 50 ते 60 टक्क्यांत राखावा. महिनाभर वाजवायचे नसेल तर तारा थोड्या उतरवाव्यात, पण सगळ्या एकदम सैल सोडू नयेत, नाहीतर घोड्या पडतात. तार तुटली तर त्याच क्रमांकाची आणि आपल्या वाद्याच्या लांबीला जुळणारी गुझेंगचीच तार घ्यावी. मी एकदा घाईत सतारीची तार बसवली होती. शेजारच्या दोन तारांमध्ये ती परक्यासारखी वाजत राहिली आणि आठवड्याभरात नखीच्या कडेला खाच पडली. आता 1 ते 5 या बारीक तारांचा एक जादा संच मी किल्लीशेजारी पेटीतच ठेवतो.